रिअल-टाइम लूप आणि सामायिक मेमरी बँडविड्थ : चार कोअरमध्ये बजेट कसं वाटायचं?

ओसरी

रास्पबेरी पाय ४ बोर्ड, प्रीएम्प्ट-आरटी (रिअल-टाइम कामांसाठी बदललेला लिनक्स) कर्नल. कोअर ३ वेगळा काढला आहे. त्यावर फक्त १ किलोहर्ट्झचा मोटर कंट्रोल लूप चालतो, फिफो प्राधान्य ८०. कोअर ० ते २ वर कॅमेऱ्याच्या फ्रेमचं इमेज प्रोसेसिंग. लूप वेळेवर जागा होतो, म्हणजे शेड्युलिंगचा उशीर नाही. पण इमेज प्रोसेसिंग सुरू झालं की लूपचा आतला कोड पूर्ण व्हायलाच जास्त वेळ लागतो. कोड तोच, डेटा तेवढाच.

मेमगार्डसारखं बँडविड्थ बजेट लावायचं ठरतंय, म्हणजे ठरावीक कालखंडात एका कोअरने मेमरीशी किती वाहतूक करायची याची मर्यादा; ती संपली की कोअर थांबवायचा. प्रश्न तीन: चिपमधला कुठला काउंटर (घटना मोजणारा) मोजायचा, प्रत्येक कोअरला आकडा किती द्यायचा, आणि बजेटचा कालखंड १ मिलिसेकंदच ठेवायचा की कमी?

पाटकरी

आकड्यांकडे जाण्याआधी दोन गोष्टी वेगळ्या करा. लूप मंदावण्याची कारणं किमान दोन असतात आणि बजेट त्यातल्या एकावरच औषध आहे.

पाय ४ च्या बीसीएम२७११ चिपमध्ये चार कॉर्टेक्स-ए७२ कोअर आणि सगळ्यांत मिळून १ एमबी एल-२ कॅशे (कोअरजवळची छोटी, जलद मेमरी) आहे. शेजारच्या कोअरने तुमच्या ओळी (६४ बाइटचे तुकडे) एल-२ मधून हुसकावल्या तर लूपला प्रत्येक वेळी डीरॅमपर्यंत, म्हणजे मुख्य मेमरीपर्यंत, जावं लागतं. हे पहिलं कारण. डीरॅमच्या रांगेत ताटकळावं लागणं हे दुसरं.

चाचणी सोपी आहे. कोअर ० ते २ वर प्रत्येकी २५६ केबीचा ॲरे सतत वाचणारा प्रोग्राम लावा. तिघांचे मिळून ७६८ केबी एल-२ मध्ये मावतात, त्यामुळे डीरॅमवर फारसा ताण येत नाही. लूपचा कमाल वेळ नोंदवा. मग ॲरे १६ एमबीचा करा आणि पुन्हा नोंदवा. पहिल्या चाचणीतच वेळ फुगला तर आधी कॅशे वाटून घ्या. दुसऱ्यातच फुगला तर बँडविड्थ.

दोन्ही चाचण्यांत घड्याळाचा वेग बांधून ठेवा, वेग ठरवणारा गव्हर्नर परफॉर्मन्सवर. पाय ४ चं तापमान ८० अंशांवर गेलं की तो स्वतःच वेग उतरवतो आणि तो परिणाम हुबेहूब मेमरीच्या भांडणासारखा दिसतो. हीटसिंक आणि पंखा लावल्याशिवाय घेतलेल्या आकड्यांवर विसंबू नका.

नाडीपरीक्षा

कॅशे वाटायचा झाला तर हिशेब असा. १ एमबी, १६ वे (कॅशेचे समान भाग), म्हणजे एक वे ६४ केबीचा. पान, म्हणजे मेमरी वाटपाचं एकक, ४ केबीचं. ६४ भागिले ४, म्हणून पानांचे १६ रंग पडतात; एका रंगाची पानं कॅशेच्या ठरलेल्या जागेतच येतात. लूपला ४ रंग दिले की २५६ केबी त्याच्या एकट्याच्या. पण रंगाबरोबर रॅमही वाटली जाते हे बऱ्याचदा ध्यानात येत नाही: १६ पैकी ४ रंग म्हणजे रॅमचाही चौथाच हिस्सा. आणि २ एमबीची मोठी पानं चालू असतील तर रंगांचा काही उपयोग नाही, कारण एका मोठ्या पानात सगळेच रंग येतात. ती बंद करा.

आता काउंटर. ए७२ वर सायकल काउंटर सोडून सहा इव्हेंट काउंटर मिळतात. लोक सरसकट हेक्स १७ क्रमांकाचा इव्हेंट घेतात, म्हणजे एल-२ रिफिल. डीरॅममधून आत आलेल्या ओळी त्यात मोजल्या जातात. बाहेर गेलेल्या नाहीत. बाहेर जाणाऱ्यांसाठी हेक्स १८, एल-२ राइट-बॅक.

फरक किती पडतो ते पाहा. मोठा ॲरे नुसता वाचला तर ६४ बाइटच्या ओळीमागे ६४ बाइटचीच वाहतूक होते. तोच ॲरे लिहिला तर ओळ आधी आत येते आणि मळकी (बदललेली) झाली की बाहेर जाते, म्हणजे १२८ बाइट. फक्त १७ मोजलात तर लिहिणाऱ्या टास्कला नकळत दुप्पट बजेट मिळालं.

मेमसेटसारख्या कोडमध्ये आणखी एक पळवाट आहे. अख्ख्या ओळीच्या ओळी सलग लिहिल्या जात आहेत हे कोअरच्या लक्षात आलं की तो ओळ आत आणणंच सोडून देतो. डीरॅमवर लेखन धो धो चालू असतं आणि रिफिलचा काउंटर जवळपास स्थिर.

म्हणून मोजायला लागण्याआधी काउंटर तपासून घ्या. ६४ एमबीचा ॲरे १० वेळा वाचा. ओळी होतात १,०४,८५,७६०. काउंटर त्याच्या आसपास यायला हवा. बस ॲक्सेस, हेक्स १९, वापरत असाल तर काही चिपांवर तो ओळ न मोजता बसवरचे तुकडे मोजतो. १६ बाइटची बस असेल तर आकडा चौपट येईल. तो भागाकार बजेटमध्ये धरला नाही तर सगळं गणित चारपटींनी चुकतं.

ओसरी

१७ आणि १८ ची बेरीज करून एकच बजेट ठेवलं तर चालेल का?

नाडीपरीक्षा

नको. वाचन आणि लेखन वेगवेगळं बांधा. २०१९ साली मायकल बेक्टेल आणि हीचुल युन यांनी रास्पबेरी पाय ३ वर दाखवलं की शेजारच्या कोअरवरच्या नुसत्या लेखनाच्या माऱ्याने बळी पडलेल्या टास्कचा वेळ ३०० पटींपेक्षा जास्त वाढू शकतो, कॅशे वाटलेला असला तरी. टक्के नव्हे, पट. कारण असं, की एल-२ च्या बाहेर जाणाऱ्या ओळींसाठी असलेला राइट-बॅक बफर छोटा असतो. तो भरला की अख्खा कॅशे थांबतो आणि ज्याची ओळ कॅशेमध्येच आहे त्यालाही ती मिळत नाही. त्यांचा उपायही हाच होता: लेखनाला कडक मर्यादा, वाचनाला सैल. एकत्र बेरीज ठेवली तर लेखन आवरण्यासाठी वाचनाचाही गळा आवळावा लागतो आणि इमेज प्रोसेसिंग विनाकारण मंदावतं.

तो प्रयोग पाय ३ च्या ए५३ कोअरवरचा आहे. ए७२ वर तोच आकडा येईल असं धरू नका, पण चाचणीत लेखनाचा मारा ठेवाच.

पाटकरी

आता आकडा किती.

छापील बँडविड्थ विसरा. एलपीडीडीआर४-३२००, ३२ बिट, म्हणजे कागदावर सेकंदाला १२.८ जीबी. पाणीपाळी ठरवताना धरणात किती साठा आहे यावर हिशेब होत नाही, कालव्याच्या शेवटी, टेलच्या शेतात किती पोचतं यावर होतो. इथेही तेच.

सगळ्यात वाईट प्रसंग धरा. सगळ्या कोअरच्या विनंत्या डीरॅमच्या एकाच बँकवर (स्वतंत्र चालणाऱ्या भागावर) आल्या आणि प्रत्येकीला त्यातली वेगळी रो (आडवी रांग) हवी आहे. एक रो उघडून, वाचून, बंद करून दुसरी उघडेपर्यंत एलपीडीडीआर४ ला सुमारे ६० नॅनोसेकंद लागतात. ६० नॅनोसेकंदांत ६४ बाइट, म्हणजे सेकंदाला साधारण १.०७ जीबी. रिफ्रेशचा वेळ वजा करून १ जीबीच धरा. हमी देता येते ती एवढ्याचीच.

त्यातून लूपची गरज बाजूला काढा, समजा १५० एमबी. कॅमेरा वगैरेंच्या डीएमएसाठी (कोअरला वगळून थेट मेमरीशी होणारी वाहतूक) २५० ठेवा. उरले ६००, तिघांना प्रत्येकी २००. १ मिलिसेकंदाच्या कालखंडात २०० एमबी म्हणजे २०० × १०,४८,५७६ ÷ ६४ ÷ १०००, सुमारे ३,२७६ ओळी. १०० एमबीला १,६३८. हाच आकडा काउंटरमध्ये भरायचा.

रेषेबाहेर

२०० एमबी फारच कमी आहे. सगळे कोअर सतत एकाच बँकवर वेगवेगळ्या रो मागत बसतील असं प्रत्यक्षात होत नाही. या हिशेबाने इमेज प्रोसेसिंग पार कोलमडेल आणि बोर्डाची बहुतेक बँडविड्थ पडून राहील.

पाटकरी

बरोबर, म्हणूनच हा तळाचा आकडा आहे. वर जाण्याचे दोन रस्ते आहेत. पहिला, बँका वाटून देणं: लूपची पानं ज्या बँकांत आहेत तिथे इतरांना जागाच द्यायची नाही. पॅलॉक नावाचा पान-वाटप करणारा कर्नल पॅच हेच करतो. मग रो उघडझाप करायला लावणारा शेजारी उरत नाही आणि हमीचा आकडा वर सरकतो. पण पत्त्यातले कुठले बिट बँक ठरवतात हे चिपप्रमाणे बदलतं आणि काही कंट्रोलर त्यांत एक्सॉर मिसळतात, तेव्हा ती जुळणी आधी मोजून काढावी लागते.

दुसरा रस्ता, मोजून वर जाणं. बजेट १०० वरून ५० च्या टप्प्याने वाढवत जा. प्रत्येक टप्प्यावर वाचन, लेखन आणि यादृच्छिक पत्ते अशा तिन्ही माऱ्यांत लूपचा कमाल वेळ नोंदवा. सरासरी नको. एका टप्प्यापासून कमाल वेळ अचानक चढायला लागतो, त्याच्या दोन टप्पे खाली थांबा. याला सिद्ध झालेली हमी म्हणता येणार नाही, पुरावा म्हणता येईल. बोर्ड माणसाच्या अंगाजवळच्या यंत्रात बसणार असेल तर मी तळाचाच आकडा घेईन.

एक खबरदारी. मेमगार्डमध्ये एका कोअरचं न वापरलेलं बजेट दुसऱ्याला देण्याची सोय आहे. ती अंदाजावर चालते. अंदाज चुकला तर ज्याने बजेट सोडलं त्यालाच ते कमी पडतं. कडक रिअल-टाइमसाठी ती बंद ठेवा.

रेषेबाहेर

हे पटलं. पण कालखंडाचा प्रश्न अजून बाकी आहे आणि ओसरींच्या बाबतीत तोच मुळाशी आहे असं वाटतं. १ मिलिसेकंदाचा कालखंड आणि १ मिलिसेकंदाचाच लूप. कालखंड सुरू होताच तिन्ही कोअरची बजेटं एकदम भरतात आणि तिघं एकदमच तुटून पडतात. ३ × ३,२७६ ओळी म्हणजे सुमारे ६२९ केबी. समजा डीरॅम सेकंदाला ३ जीबीने देतोय, तर ते संपायला सुमारे २१० मायक्रोसेकंद लागले. या २१० मायक्रोसेकंदांत बजेट असून नसल्यासारखंच आहे. लूपचं काम १०० मायक्रोसेकंदांचं असेल आणि तोही कालखंडाच्या तोंडाशीच सुरू होत असेल तर त्याला दरवेळी पूर्ण गर्दीच भेटते. उरलेले ७९० मायक्रोसेकंद मेमरी शांत असते, पण तेव्हा लूप झोपलेला.

ओसरी

मग कालखंड १०० मायक्रोसेकंदांवर आणला तर?

नाडीपरीक्षा

दोन अडचणी. पहिली खर्चाची: प्रत्येक कालखंडात एक टायमर इंटरप्ट आणि एक ओव्हरफ्लो (बजेट संपल्याचा) इंटरप्ट. प्रत्येकी ३ मायक्रोसेकंद धरले तर १ मिलिसेकंदाला ०.६ टक्के जातात, १०० मायक्रोसेकंदाला ६ टक्के.

दुसरी जास्त वाईट. काउंटर ओलांडला गेल्यापासून कोअर खरोखर थांबेपर्यंत समजा ५ मायक्रोसेकंद जातात. तेवढ्यात एक कोअर सेकंदाला ३ जीबीने ओढत असेल तर १५,००० बाइट, म्हणजे २३४ ओळी जादा गेल्या. १ मिलिसेकंदातल्या १,६३८ च्या बजेटवर ही १४ टक्क्यांची गळती आहे, ती बजेटमधून आधीच वजा करता येते. १०० मायक्रोसेकंदाच्या कालखंडात तेच बजेट १६४ ओळींचं होतं. गळती बजेटपेक्षा मोठी! तिथे नियंत्रण उरतच नाही. इंटरप्ट बंद ठेवणारा एखादा लांब ड्रायव्हर कोड कोअर ० ते २ वर असेल तर ५ चे ५० मायक्रोसेकंदही होतात.

पाटकरी

त्यापेक्षा वेळ सरकवा. बजेट भरणारा टायमर आणि लूप दोघांनाही एकाच मोनोटॉनिक घड्याळाच्या निरपेक्ष वेळेवर बांधा आणि लूप कालखंडाच्या सुरुवातीनंतर ५०० मायक्रोसेकंदांनी उठवा. तोवर खादाड कोअर आपापलं बजेट संपवून थांबलेले असतात. घड्याळ एकच असल्यामुळे हे अंतर घसरत नाही.

लूप बाहेरच्या एन्कोडरच्या इंटरप्टवर उठत असेल तर मात्र हे जमत नाही. दोन घड्याळांत थोडा जरी फरक असला तरी लूप हळूहळू गर्दीच्या पट्ट्यात सरकतो, काही वेळ तिथे राहतो आणि बाहेर पडतो. जिटर (वेळेतली चढउतार) ठरावीक अंतराने येतो-जातो असं दिसलं तर पहिला संशय यावरच घ्या. अशा वेळी लूप सुरू होताना इतर कोअरचं बजेट खाली ओढायचं आणि संपताना परत द्यायचं. बीडब्ल्यूलॉक हे याच कल्पनेवर उभं आहे.

खुंटी

वरच्या सगळ्यात एक सापळा राहून गेला आहे आणि तो नेमका प्रीएम्प्ट-आरटीवरच लागतो.

मेमगार्ड कोअर थांबवतो म्हणजे काय करतो? त्या कोअरवर फिफो प्राधान्याचा कर्नल थ्रेड जागा करतो आणि तो कालखंड संपेपर्यंत नुसता फिरत राहतो. साध्या कर्नलमध्ये कोणी स्पिनलॉक (न झोपता, फिरत वाट पाहायला लावणारा लॉक) धरला असेल तर तेव्हा प्रीएम्प्शन बंद असतं, त्यामुळे हा थांबवणारा (थ्रॉटल) थ्रेड लॉक सुटेपर्यंत चढतच नाही. प्रीएम्प्ट-आरटीमध्ये बहुतेक स्पिनलॉक झोपणारे लॉक होतात. लॉक धरलेला थ्रेड खुशाल बाजूला सारला जातो.

आता लूपला तोच लॉक लागला तर? प्राधान्याचा वारसा लॉक धरणाऱ्याला ८० पर्यंत वर नेईल, पण थ्रॉटल थ्रेडचं प्राधान्य त्याच्याही वर ठेवलेलं असेल तर तो हटत नाही. धरणारा दुसऱ्या कोअरवर जाऊन काम उरकेल म्हणावं, तर लॉक धरलेला असताना स्थलांतर बंद असतं. परिणाम: लूप उरलेला कालखंडभर, म्हणजे वाईट प्रसंगी जवळपास १ मिलिसेकंद अडकतो. बजेट लावण्याआधी इतका उशीर नव्हता, लावल्यावर आला.

उपाय एकच, तोही कोडमध्ये: चालू लूपमध्ये कर्नलचा सामायिक लॉक लागेल असं काही नको. मेमरी मागणं नको, फाइल नको, लॉग छापणं नको. सगळी पानं सुरुवातीलाच रॅममध्ये बांधून घ्या. इमेज प्रोसेसिंगकडून लूपला येणारा डेटा म्युटेक्सने नव्हे, तिहेरी बफरने द्या: लिहिणारा एकात लिहितो, वाचणारा दुसऱ्यातून वाचतो, तिसऱ्यात नुकतं पूर्ण झालेलं असतं आणि अदलाबदल एका अणू-क्रियेने होते. कोणी कोणासाठी थांबत नाही.

रेषेबाहेर

हे वर चिकटवून ठेवण्यासारखं आहे. वापरकर्त्याच्या कोडमधल्या वारसावाल्या म्युटेक्सलाही हेच लागू होतं, धरणारा थ्रेड एका कोअरला बांधलेला असेल तर.

ओसरी

डीएमएसाठी २५० एमबी बाजूला काढले ते कसे?

पाटकरी

कोअरचे काउंटर डीएमए आणि जीपीयू यांची वाहतूक पाहतच नाहीत. ती हाताने मोजायची. १०८०पी, ३० फ्रेम, वाययूव्ही४२० (पिक्सेलला १.५ बाइट) : १९२० × १०८० × १.५ × ३० = सेकंदाला ९३ एमबी, तेही एकदा लिहायला. आयएसपीमधून (कॅमेऱ्याचं चित्र सुधारणारा चिपचा भाग) एक फेरी जास्त झाली की तेवढं वाचन आणि तेवढं लेखन वाढलं.

एचडीएमआयला स्क्रीन जोडलेला असेल तर हिशेब बदलतो. १०८०पी, ६० हर्ट्झ, पिक्सेलला ४ बाइट : ४९८ एमबी, चित्र हलत नसलं तरी. ४के ६० हर्ट्झला चौपट, २ जीबीच्या आसपास. २५० चा आकडा डिस्प्ले बंद धरून आहे. यंत्रात बसणाऱ्या बोर्डावर तो बंदच ठेवा.

डीएमएवर मेमगार्डचा हात पोचत नाही, त्यासाठी हार्डवेअर लागतं. झायलिंक्सच्या झिंक अल्ट्रास्केल प्लसमध्ये इंटरकनेक्टच्या पोर्टांवर क्यूओएस-४०० नियामक आहेत, तिथे मास्टरनिहाय, म्हणजे वाहतूक सुरू करणाऱ्या प्रत्येक घटकाला वेगळी, मर्यादा घालता येते.

उंबरठा

इंटेलच्या बोर्डावर हाच प्रकार रिसोर्स कंट्रोल फाइलसिस्टममधून करता येतो ना? टक्के लिहिले की झालं?

नाडीपरीक्षा

टक्के लिहिता येतात, पण ते बँडविड्थचे टक्के नव्हेत. इंटेलची मेमरी बँडविड्थ ॲलोकेशन कोअरच्या विनंत्यांमध्ये विलंब घालते. ५० लिहिलं म्हणजे निम्मी मिळेल असं नाही, वर्कलोडप्रमाणे बदलतं. शिवाय हा विलंब कोअर आणि एल-३ यांच्यामध्ये पडतो, त्यामुळे ज्याचा डेटा एल-३ मध्येच आहे आणि डीरॅमला जो हातही लावत नाही तोही मंदावतो. हायपरथ्रेडिंग चालू असेल आणि एकाच कोअरच्या दोन थ्रेडना वेगळे टक्के असतील तर बऱ्याच चिपांवर कडक असलेली मर्यादा दोघांना लागते. रिअल-टाइम बोर्डावर हायपरथ्रेडिंग बंद हवंच. एल-३ चे वे वाटण्याची सोय मात्र तिथे चांगली आहे, ती आधी वापरा.

आर्ममध्ये याचं उत्तर एमपॅम, आर्मव्ही८.४ पासून. त्यात विनंतीबरोबर विभाग क्रमांक जातो आणि मर्यादा मेमरी प्रणालीतच पाळली जाते, इंटरप्टची गळती नाही. पण चिप बनवणाऱ्याने त्यातला कुठला भाग प्रत्यक्ष घातलाय ते मॅन्युअलमध्ये पाहूनच बोर्ड निवडा. ए७२ मध्ये तो नाहीच.

खुंटी

विमानातल्या सॉफ्टवेअरसाठी युरोपची एएमसी २०-१९३ मार्गदर्शिका २०२२ पासून आहे. तिच्यात भर यावरच आहे: आधी व्यत्ययाचे मार्ग शोधून लिहून काढा, मग प्रत्येक मार्ग कसा आवरला ते दाखवा. विमान बनवत नसलात तरी ही सवय उपयोगी आहे. या बोर्डावरचे मार्ग: एल-२ ची जागा, एल-२ चा राइट-बॅक बफर, डीरॅमच्या बँका, वाचन-लेखनाची अदलाबदल, रिफ्रेश, डीएमए, डिस्प्ले आणि वर सांगितलेले कर्नल लॉक. प्रत्येकापुढे चाचणी आणि आकडा हवा.

ओसरी

मेमगार्डचं मॉड्यूल लावलं. काउंटर वाढताना दिसतात, पण कोअर थांबतच नाहीत. कितीही कमी बजेट दिलं तरी इमेज प्रोसेसिंग पूर्ण वेगाने चालतंय.

नाडीपरीक्षा

काउंटर मोजतोय आणि ओव्हरफ्लोचा इंटरप्ट येत नाही, असं दिसतंय. इंटरप्टच्या यादीत पीएमयूच्या (काउंटर सांभाळणाऱ्या भागाच्या) ओळी पाहा. चार कोअरच्या चार हव्यात आणि प्रत्येकीचा आकडा तिच्याच कोअरच्या रकान्यात वाढायला हवा. ओळीच नसतील तर डिव्हाइस ट्रीमध्ये (कर्नलला हार्डवेअरची माहिती देणारी फाइल) पीएमयूच्या नोंदीत इंटरप्ट दिलेले नाहीत किंवा कोअरशी जोडलेले नाहीत. तेवढी नोंद दुरुस्त करून बोर्ड पुन्हा सुरू करा.

ओळी असूनही आकडा शून्य असेल, तर त्याच वेळी पर्फ या मोजणीच्या साधनाने दुसरीकडून काउंटर धरलेत का ते पाहा. सहाच्या वर इव्हेंट झाले की ते आळीपाळीने मोजले जातात आणि बजेटचा हिशेब बिघडतो.

ओसरी

डिव्हाइस ट्रीच होती, इंटरप्टची नोंद नव्हती. आता कोअर थांबतात. लूप ५०० मायक्रोसेकंदांवर सरकवला, वाचन-लेखनाचे काउंटर वेगळे केले. कमाल वेळाची मोजणी किती वेळ चालवावी?

पाटकरी

लूपचे निदान १ कोटी फेरे. १ किलोहर्ट्झला ते जवळपास २ तास ४७ मिनिटं होतात. तिन्ही माऱ्यांत वेगवेगळे, आणि प्रत्येक वेळी बोर्ड नव्याने सुरू करून, कारण पानं कुठे पडतात ते दर सुरुवातीला बदलतं आणि कॅशे व बँकांची टक्करही त्याबरोबर बदलते. लेखनाचा मारा शेवटी ठेवू नका. आकडे बदलावे लागले तर त्याच्यामुळेच लागतील.